कणकेचा बूच

कल्ब्यात पाऊस आधी डोंगराला लागतो.
आपल्या अंगणात थेंब नसतो, तोवर वादी निघालेली असते.
वादी म्हणजे कोर्टातला नव्हे, आमच्या देवरुखची वाडीही नव्हे,
नुसती गोट्यांची सुकी वाट, परवा मी तिच्यातून भाजी घेऊन आले.
पण आली की फिर्याद घेऊनच येते.

फोन तीनदा किंचाळला.
गजेंद्रने पहिल्यांदा मेन स्विच पाडला,
मग सिलिंडर बंद करून खिडकीच्या गजाला बांधला
गुराला बांधतात तसा.
गाद्या टेबलावर, तांदूळ कपाटाच्या डोक्यावर,
उशांच्या अभ्र्यांत वाळू भरून एक दाराशी, एक मोरीच्या जाळीवर.
पाणी दारातून येण्याआधी मोरीतून येतं,
हे गेल्या खेपेला मोरीनेच शिकवलं.

राहिले कागद.
पाच लिटरचा कुकर काढला.
तिघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, भाडेकरार, दोन बांगड्या.
सवयीने वर पाणी ओतायला गेले.
गजेंद्रने हात धरला. हसलो नाही तेव्हा.
रिंग बसवली, शिटीच्या नळीत कणकेचा बूच,
आणि कुकर माळ्यावर.

रात्र दादकरीमच्या गच्चीवर,
त्याच्या अकरा शेळ्यांसोबत.
खाली आमचं घर काळोखात
कुणीतरी तोंड धुतल्यासारखे आवाज करत होतं.

सकाळी पाणी उतरलं तरी गजेंद्र कुणाला आत सोडेना.
आधी काठी, मग बूट, मग माणूस.
चिन्मयीला मोबाइल चार्ज करायचा होता.
"बटणाला हात लावलास तर बघ," इतका मोठ्याने ओरडला
की शेळ्या गप्प झाल्या.
भिंतीवर माझ्या छातीएवढी रेघ.
पुसण्याआधी तिचे फोटो काढले, घरमालकासाठी.
माळा तिरका, कुकर नाही.

मग हातमोजे, फावडं, चिखल.
चिखलाला वास समुद्राचा नव्हता,
संडासाच्या टाकीचा होता, उगाच काव्य कशाला.
भिंतीचे जिप्समचे तक्ते रेघेच्या वर हातभर कापले,
आत बुरशी बसते, रंगाने झाकली तरी वाढते.
शेजारच्या सुधाकरन शिंप्याने ब्लीचच्या बादलीवर
ॲसिडची बाटली तिरकी केली, लवकर उरकावं म्हणून.
गजेंद्रने बाटली हिसकली, त्याला ओढत उन्हात नेलं.
दोघं बराच वेळ पायरीवर बसून होते, न बोलता.

आईच्या लोणच्याची बरणी अखंड सापडली.
दादरा बांधलेला, झाकण घट्ट.
उन्हात धरून पाहिली, तेल स्वच्छ, फोडी जागच्या जागी.
पण ते पाणी तिच्यावरून गेलं होतं.
दोनदा पिशवीत टाकली, दोनदा काढली.
तिसऱ्यांदा चिन्मयीने टाकली.
आई आता लोणचं घालत नाही.
घालायला ती नाही.

चौथ्या दिवशी दादकरीम आला, काखेत कुकर.
गोठ्यामागच्या खजुरीच्या बेचक्यात अडकला होता.
"खिचडी पक गयी, भाभी," म्हणाला,
आणि आम्ही तिघं हसलो ते थांबेनाच,
गजेंद्र तर भिंत धरून, त्या रेघेवरच हात ठेवून.
कणीक फुगून आंबली होती, पण धरून होती.
आत सगळं कोरडं. पासपोर्टांना हिंगाचा वास.

कुकर तीनदा नुसत्या पाण्यावर उकळला, रिंग नवी आणली.
घरमालकाने रेघेवर पांढरा रंग मारला.
दमट दिवशी ती अजून दिसते,
किंवा मला दिसते.

पोळ्या लाटून झाल्या की एक गोळी मी बाजूला ठेवते.
गाईची नाही, कावळ्याची नाही.
गजेंद्र बघतो,
विचारत नाही,
रात्री तीच मळलेली, वाळकी गोळी
ओट्यावरून उचलून फेकतो,
आणि दुसऱ्या दिवशी
पीठ जरा जास्तच मळून ठेवलेलं असतं.